तुळशीखालची तार

“बुडाशी घाल, आवडा. पानायवर शिंपडू नको. बुडाशी घाल, अन् रोज घाल.”

हे सांगताना माझे यजमान तुळशीच्या ओट्यापाशी उकिडवे बसले होते. हातभर खड्डा खणला होता, त्यात तांब्याचा पत्रा उभा केला होता आणि पत्र्याला एक तार जोडून ती भिंतीच्या कडेनं आत नेली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. सन एक्केचाळीसचा चैत्र लागून चारच दिवस झाले होते. पूजा होईपर्यंत बोलायचं नाही हा माझा नेम, म्हणून मी नुसती मान हलवली.

“मान नको हालवू. तुही पूजा होऊ दे, मंग तोंडानं सांग. मी बसतो.”

आणि खरंच बसून राहिले. मी पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, प्रदक्षिणा झाल्या, पोथीचं रोजचं पान वाचलं. मग म्हटलं, “घालीन. रोज घालतेच मी. त्यात सांगाचं काय?”

“सांगाचं हाये. या तारेले खाली ओल लागते. माती कोयडी पडली का वरचं समदं फुकट. गावभर जागा पाह्यली, पन रोज न चुकता ओली राह्यते अशी हे एकच. बावीस वर्सं देवासाठी घातलं, आता माह्यासाठीबी घाल.”

“घालीन,” मी पुन्हा म्हटलं. त्या दिवशी अंगणात फिरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते, हे आता लिहायला हरकत नाही.

वाशीमच्या वेशीबाहेर आमचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर, थोडी मिरची. घरात आम्ही दोघंच. कापसाच्या दिवसांत हे जिनिंगच्या इंजिनावर कामाला जात आणि तारांचं, बॅटरीचं सगळं तिथंच शिकले. तिथल्या मालकाचा बिघडलेला रेडिओ यांनी दुरुस्त करून दिला, तेव्हापासून यांना तो नाद लागला. पण ऐकण्यात यांचा जीव रमेना.

“आयकते कोनीबी,” म्हणायचे. “आपल्याले बोलनारा डब्बा कराचा हाये. माह्या हातानं केलेली चीज इथं बोलली अन् धा कोसावर कोनाच्या कानात पडली, बस. अजून काई नाही पाह्यजे.”

परवान्यासाठी अर्ज केला होता. त्याचं उत्तर येण्याआधीच लढाई सुरू झाली, आणि ज्यांच्याकडे परवाने होते त्यांचेही सरकारनं काढून घेतले. यांनी तरीही डबा केला. मोठा काचेचा वाल्व अकोल्याहून आणला, सुक्या सेलांच्या दोन जड पेट्या आणल्या आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळायला गोल, गुळगुळीत लाकूड हवं म्हणून माझं लाटणं नेलं. ते परत आलं नाही. निंबाच्या शेंड्यापासून चिंचेपर्यंत एक तार ताणली. कोणी विचारलं तर धुणं वाळवायची म्हणायचं, असं ठरलं होतं. एवढ्या उंचावर धुणं कोण वाळवतं, असं सुदैवानं कोणी विचारलं नाही.

दहा कोसांवर मेडशीला बाबूलालचं कापडाचं दुकान होतं. हे आणि तो लहानपणापासूनचे मित्र. त्याच्याकडे ऐकायचा चांगला रेडिओ होता. ठरलं असं की दुपारी बारा वाजता, आजूबाजूचे मळेवाले जेवून आडवे झाले की, इथून बोलायचं. बाबूलालनं तिथं ऐकायचं आणि कार्ड टाकायचं. कार्ड डाकघरात कोणीही वाचेल, म्हणून भाषा भाजीची. आवाज म्हणजे कोथिंबीर. नीट आला तर ताजी, कमी आला तर सुकलेली.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा डबा लावला. वरच्या तारेच्या वाटेत यांनी बॅटरीतला एक लहानसा दिवा बसवला होता. डबा चालू झाला की तो दिवा मंद लागे. “बोलनाराचा आवाज चांगला असला का हा लखलख करते,” हे म्हणाले आणि जुन्या टेलिफोनचं तोंड माझ्या हातात दिलं. “बोल.”

“काय बोलू?”

“एक दोन तीन म्हन.”

मी म्हटलं. दिवा होता तसाच राहिला.

“जोरात म्हन, आवडा.”

मला जोरात बोलता येत नाही. माहेरीही कोणी मला दोनदा विचारल्याशिवाय माझं म्हणणं कळत नसे. मी छाती भरून पुन्हा आकडे म्हटले, गळा दुखेपर्यंत म्हटले. मी रोज देवापुढं दिवा लावते, वाऱ्यात तो कसा जपायचा ते मला कळतं. हा दिवा मात्र माझ्याकडं बघायलाही तयार नव्हता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली, “हुर्र्या! हुर्र्या हो!” शेजारच्या मळ्यातल्या चंपतची बायको पंचफुला मक्यावरची पाखरं उठवत होती. खिडकी उघडी होती. माझ्या हातातल्या त्या टेलिफोनच्या तोंडापर्यंत तिची आरोळी पोचली, आणि दिवा हलला.

यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. दिव्याकडं पाहिलं, मग कुंपणाकडं.

दुसऱ्या दिवसापासून पंचफुला आमच्या घरात. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, हसरी, आणि बोलायला लागली की कोठीतली भांडी वाजावीत असा खणखणीत आवाज. चंपतला विचारलं तर तो म्हणाला, “न्या ना. मेडशीवाल्यायलेबी कळू द्या मले दिवसभर काय आयकाव लागते.”

ती ते टेलिफोनचं तोंड धरून बसायची आणि विचारायची, “गुलाबभाऊ, बोलू काय? गुलाबभाऊ, दिवा हालला काय? गुलाबभाऊ, बाबूलालशेठ आता आयकून राह्यले असन काय?”

ते नाव मी बावीस वर्षांत चार-पाच वेळा घेतलं असेल. लग्नात, मंगळागौरीला, तेही बायकांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यात गुंफून आणि खाली मान घालून. ही मात्र चिमण्यांना दाणे टाकावेत तशी ते टाकत होती. तिचा काही दोष नव्हता. शेजारधर्मानं भाऊ म्हणत होती. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत तिनं नाव किती वेळा घेतलं ते मोजत होते, आणि भाकरी करपत होती.

पहिलं कार्ड आलं. यांनी अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं. “रामराम. कोथिंबीर पोचली. एकदम ताजी. दुकानभर वास सुटला. हीच जुडी पाठवत जा. बाबूलाल.”

“बाई व!” पंचफुलानं माझा हात धरला. “मी कोथिंबीर झाली म्हना!”

“चांगलं हाये,” मी म्हटलं. “कोथिंबीर रोजच लागते.”

हे आत आले. “आवडा, तिच्या गळ्यासाठी उलीशी सुंठ अन् गूळ करून ठेवत जा. उन्हाचा आवाज बसते.”

मी केली. रोज खलबत्त्यात सुंठ कुटली, गूळ घातला, वाटी तिच्या हातात दिली. कुटताना माझ्या मनात काय यायचं ते लिहिणार नाही. तोंडानं नामस्मरण चालू असायचं.

चैत्री पौर्णिमा आली. आमच्याकडं त्या दिवसापासून महिनाभर तुळशीवर गळती बांधतात. बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं तीन काठ्यांवर टांगायचं, भोकात कापसाची वात घालायची, म्हणजे उन्हाळाभर तुळशीच्या मुळाशी थेंब थेंब पडत राहतो. मी मडकं घेऊन ओट्यापाशी गेले. आत पंचफुला बोलत होती. एक दोन तीन झालं होतं आणि ती यांना हसवत होती. तिचा आवाज त्या तारेतून जातो, ती तार माझ्या तुळशीच्या पोटात जाते, आणि मी रोज तिथं पाणी घालते. म्हणजे मी कोणाची सेवा करते?

मी मडकं खाली ठेवलं.

त्या दुपारी देवळातून तुळशीचं एक रोप आणलं आणि विहिरीच्या कडेला, जुन्या फुटक्या रांजणाच्या बुडात लावलं. गळती तिच्यावर बांधली. सकाळचं पाणी तिथं, हळदकुंकू तिथं, प्रदक्षिणा तिथं. व्रत मोडलं नाही. देवानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, एक दिवस चुकले नाही. देवानं आणखी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, त्याचा मी विचारच करत नव्हते.

यांनी नवी तुळस पाहिली. म्हणाले, “बरं केलं. आता दोन झाल्या.” दोन! दोन्हींना मी पाणी घालणारच, यात त्यांना शंकाही आली नाही. आणि मी त्यांना शंका येऊ दिली नाही. जुन्या ओट्याचं बूड रोज पहाटे शेणानं सारवत होते. सारवलेलं बूड वरून ओलं, हिरवं, ताजं दिसतं. वैशाखात तुळशीची पानं थोडी झडतातच.

पंधरा दिवसांत कार्ड आलं. “कोथिंबीर सुकलेली आली. काड्या काड्या.” मग दुसरं. “गाडी आली पण रिकामी. माल टाकला होता का?”

यांनी डबा उघडला. वेटोळं काढून पुन्हा गुंडाळलं. वाल्व काढून कापसानं पुसला, जागेवर बसवला. निंबावर चढून वरची तार पाहिली, गाठी सोडून पुन्हा बांधल्या. दिवा मंद झाला होता, आता जेमतेम लाल दिसायचा. “सेल उतरले,” म्हणाले. ती पेटी संपवली आणि उरलेली एक जोडली. तरी दिवा लालच. अक्षय तृतीयेला मी बाटलीनं पुरणपोळ्या लाटल्या. त्यांनी अर्धी खाल्ली आणि ताटावरच वेटोळ्याचे वेढे बोटानं मोजत बसले.

“जेवा ना,” मी म्हटलं.

“माह्याच हातात कसर हाये, आवडा. धा कोस पोचाची अवकात नाही माही.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. पूजा झालेली होती, मौन नव्हतं. मी त्यांच्या पानात तूप वाढलं.

मला वाटलं होतं, आवाज पोचला नाही तर पंचफुलाचं येणं बंद होईल. तसं झालं नाही. ती जास्त यायला लागली. दोघं डब्यावर डोकी घालून बसायची. ती यांना वारा घालायची आणि हे तिला विचारायचे, “पंचफुला, काल तू तोंड दूर धरलं होतं काय?” मी विहिरीपाशी नव्या तुळशीला प्रदक्षिणा घालायचे, आणि दर फेरीला खिडकीसमोरून जाताना मान आपोआप वळायची.

वैशाखी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी हे म्हणाले, “शिपाई बाजारात इचारून राह्यला, कोनाच्या घरी तारा हायेत म्हनून. अन् पेटीत आता एकाच डावाचा दम हाये. पुनवेले दुपारी शेवटलं बोलाचं. बाबूलालले लिवलं, शेवटली गाडी पाठवतो. पोचली तं पोचली. नाही तं समदं उचलून विहिरीत.”

“विहिरीत?”

“मंग काय देव्हाऱ्यात ठेवतं?” ते चिडून बोलले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

पौर्णिमेला सकाळी मी नव्या तुळशीपाशी बसले होते. गळती भरली होती. हात जोडलेले, तोंड मिटलेलं. पंचफुला कुंपणातून आली आणि समोर जमिनीवरच बसली. पदराआड डोळे लाल.

“बाई, तुमी बोलू नका, तुमचा नेम हाये. मी बोलते, तुमी आयका.”

मी जोडलेले हात मांडीवर ठेवले.

“आज मी नाही बोलनार. तुमी बोला. माह्या आवाजातच काई खोट असन. मी उभ्या उभ्या खाते, आंघोळीच्या आधी च्या पेते, देवाले हात जोडाले सवड नाही मले. असं मानूस बोललं तं कसं पोचन? तुमी इतक्या वर्साच्या नेमाच्या. तुमचा आवाज ल्हान असन, पन तो पोचन.”

महिनाभर मला जे हवं होतं, ते ती माझ्या ओटीत घालत होती. टेलिफोनचं ते थंड तोंड माझ्या हातात आल्यासारखं वाटलं. आणि माझ्या आवाजाला न हललेला तो दिवा आठवला.

“काल मी भाऊले म्हटलं,” ती पुढं बोलत राहिली, “म्हटलं, गुलाबभाऊ, समदं खोलून पाह्यलं, आता तुळशीखालची तार तेवढी राह्यली. उकरून पाहू काय? तं असे डोळे केले माह्यावर! म्हने, तिथं पाहाचं काम नाही. थे आवडाचं काम हाये. म्हने, इंजिन चुकन, वाल्व चुकन, मी चुकन, पन तिचं पानी चुकनार नाही. तिनं तोंडानं सांगतलं हाये, घालीन म्हनून.”

वरून मडक्याचा थेंब पडला. नव्या तुळशीच्या मुळाशी मातीत छोटासा खळगा झाला होता, त्यात तो पडला.

“माह्याशी दिवसभर बोलते थे,” पंचफुला नाक पुसत म्हणाली, “पानी पेली काय, गळा बसला काय, तोंड जवळ धर, तोंड दूर धर. तुमच्याबद्दल इचारतच नाहीत. मले सुरवातीले वाटे, बिचारी बाई. काल मले तुमचा राग आला, खरं सांगते. चंपतनं माह्याबद्दल असं एकडाव जरी म्हटलं असतं ना...” उठली, पदर झटकला. “जाते. भाऊले सांगजा, पंचफुला येनार नाही म्हनून.”

मी तिचा हात धरला. नेम मोडून बोलणार नव्हते. दुसऱ्या हातानं घराकडं खूण केली. जा आत, बस. ती समजली नाही. मी उठून सुंठ-गुळाची वाटी आणली आणि तिच्या हातात दिली. तेव्हा तिला कळलं.

“म्हन्जे मीच बोलू?”

मी मान हलवली.

मला तिच्याबद्दल तेव्हा माया वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती आत गेली आणि आतून लगेच “गुलाबभाऊ, आली म्या,” असा आवाज आला. रोजच्यासारखं मी ते नाव मोजलं. त्यांची सगळी बोलणी तिच्यासाठी होती. माझ्यासाठी एक न विचारणं होतं, न बघता ठेवलेला भरवसा, आणि तेवढ्यावरच माझी जागा होती. तेही मी आतून पोखरलं होतं.

जुन्या ओट्यापाशी गेले. तुळस खालपासून वरपर्यंत काड्या झाली होती, शेंड्याला चार पानं उरलेली. मी सारवणात बोट खुपसलं. वरची पापडी मोडली. खाली माती पिठासारखी, कोरडी, गरम. अजून खोल गेले. बोटाला तांब्याच्या पत्र्याची कड लागली. तीही गरम होती. महिनाभर हा पत्रा इथं तहानलेला उभा होता आणि ते घरात वाल्व पुसत होते.

ऊन निंबाच्या कमरेपर्यंत आलं होतं. बाराला अजून प्रहरभर अवकाश होता. यांनी सेलांची पेटी उचलून आत नेताना मला पाहिलं. मातीचा हात, मोडलेलं सारवण. क्षणभर थांबले.

“काय झालं, आवडा?”

मी ओठांवर बोट ठेवलं. पूजा अजून संपली नव्हती.

“बरं, बरं,” ते म्हणाले, आणि आत गेले. खाली वाकून पाहिलंसुद्धा नाही.

मी विहिरीपाशी जाऊन गळतीच्या काठ्या उपटल्या. पाण्यानं भरलेलं मडकं छातीशी धरून आणलं. वाटेत ते लुगड्यावर ठिबकत होतं. काठ्या जुन्या ओट्याभोवती रोवल्या, मडकं टांगलं. थेंब पडला आणि मातीनं तो असा गिळला की ओली जागासुद्धा दिसली नाही. दुसरा पडला. तोही गेला. गळतीनं भागणार नव्हतं. महिन्याची तहान होती.

आत ते पंचफुलाला सांगत होते, “आधी आकडे म्हन, मंग ते पाखरायची आरोळी दे, थे लांब जाते.” ती हसत होती.

मी पदर खोचला. दोन्ही घागरी उचलल्या, एक कमरेवर, एक हातात, आणि विहिरीकडं निघाले.